लांबणीवर पडले की टाकले?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त पेडगाव येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा मला प्रश्नच पडला. मी काही वक्ती नव्हे. सारा जन्म खडू आणि फळा यांत गेलेली एक मास्तरीण. पण दर गुरुवारी दुपारी आपल्यातल्या काही जणी माझ्याकडे इंग्रजीचे धडे गिरवायला बसतात. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकीने विचारले, “बाई, पुट म्हणजे ठेवणे आणि ऑफ म्हणजे बंद. मग पुट ऑफ म्हणजे बंद करून ठेवणे का?” तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर तो शब्द काही मनातून जाईना. आज त्याच शब्दावर बोलणार आहे. कंटाळा आला तर पुढे ढकला म्हणा, म्हणजे त्या शब्दाचा उपयोगही होईल!

त्याआधी आपल्या गावाविषयी एक गोष्ट सांगते. बाहेरगावी कुणी विचारले, “बाई, तुमचे गाव कोणते?” आणि मी “पेडगाव” म्हटले, की समोरचा माणूस हटकून हसतो. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण त्याला आठवते. मग मी सांगते, की बाबा रे, ते पेडगाव वेगळे. ते अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथे बहादूरगड आहे, मोगलांचा सुभेदार बहादूरखान याची तिथे छावणी होती, आणि शिवाजीमहाराजांच्या माणसांनी त्याला चकविले तेव्हापासून ही म्हण पडली असे म्हणतात. आमचे पेडगाव परभणीचे. मनमाडकडे जाताना परभणीच्या पुढे ज्याचे स्टेशन लागते ते. आम्ही साधी माणसे, वेड पांघरणे आम्हांला ठाऊक नाही. असे मी आजवर सांगत आले. ते कितपत खरे, हे या व्याख्यानाच्या शेवटी आपणच ठरवा.

आता शब्दाकडे वळू. पुट म्हणजे ठेवणे, आणि ऑफ म्हणजे येथे ‘बंद’ नव्हे, तर ‘दूर, बाजूला’. हातातले काम उचलून दूर ठेवायचे, म्हणजेच ते पुढे ढकलायचे, लांबणीवर टाकायचे. भूतकाळातही ‘पुट’चे ‘पुट’च राहते, त्यामुळे पाठ करायला सोपे. वाक्यात वापरताना मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी, की सभा पुढे ढकलली हे ‘पुट ऑफ द मीटिंग’ असेही म्हणता येते आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ असेही. पण सभेचे नाव न घेता नुसते ‘ती’ म्हणायचे असेल, तर तो ‘इट’ मधोमधच बसतो : ‘पुट इट ऑफ’. दोन शेजाऱ्यांच्या भिंतीत जसा एखादा कोनाडा असावा, तसा. दुसरी गोष्ट अशी, की पुढे क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लागते. दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकले, हे ‘पुट ऑफ गोइंग’. येथे ‘पुट ऑफ टु गो’ लिहिले की परीक्षक गुण कापतो.

याच शब्दाचे आणखीही अर्थ आहेत. उसने मागायला आलेल्याला आज नाही, उद्या नाही, असे टोलवीत राहणे, हेही पुट ऑफ. आणि एखाद्या गोष्टीवरून मन उडणे, तेही पुट ऑफ. भाजीत अळी दिसली की जेवणावरची वासना उडते ना, तसे.

‘पोस्टपोन’ हा त्याचा चुलतभाऊ. तो लॅटिनमधून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘नंतर ठेवणे’ असाच. तो सरकारी पत्रात शोभतो, तर पुट ऑफ घरात, ओसरीवर. ‘कॉल ऑफ’ मात्र निराळा. त्याचा अर्थ रद्द करणे. पुढे ढकललेले कधी तरी होईल अशी आशा तरी असते. रद्द केले ते संपले. हा फरक ध्यानात ठेवावा, मला तो पुढे लागणार आहे.

खरी गंमत आहे ती ‘डिले’ आणि ‘पुट ऑफ’ यांच्या फरकात. आपल्या स्टेशनावर पॅसेंजर दोन तास उशिरा आली, तर तिला डिले झाला म्हणतात. गाडी पुट ऑफ झाली असे कुणी म्हणत नाही. पण गाडीला गर्दी असेल म्हणून मीच माहेरी जायचे पुढच्या महिन्यावर नेले, तर ते पुट ऑफ. पहिल्यात दोष कुणाचा ते कळत नाही, उशीर ‘होतो’. दुसऱ्यात कुणाचा तरी हात असतो. कुणी तरी ते काम उचलून दूर ठेवलेले असते.

भगिनींनो, आपली मराठीही या बाबतीत काही कमी नाही. आपण म्हणतो, ‘काम लांबणीवर पडले.’ आणि आपण म्हणतो, ‘काम लांबणीवर टाकले.’ पडले आणि टाकले! झाडावरून आंबा पडतो. त्याला कुणी जबाबदार नसते. टाकायला मात्र हात लागतो. आता मला सांगा, स्वतःविषयी बोलताना आपण कोणते क्रियापद वापरतो? डोळे तपासायचे राहून गेले. बँकेचे खाते उघडायचे लांबणीवर पडले. सातबाऱ्यावर नाव लावायचे जमलेच नाही. सगळे आपोआप ‘राहते’, आपोआप ‘पडते’. टाकणारी कुणी दिसतच नाही!

लांबणीसाठी आपल्याकडे शब्द तरी किती! चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, भिजत घोंगडे. निजामाच्या अमदानीत कचेरीचा कारभार उर्दूत चाले, तेव्हा माझ्या आजोबांच्या तोंडी ‘मुलतवी’ हा शब्द असे. सभा ‘तहकूब’ होते, कोर्टात ‘पेशी’ वाढते. ज्या गोष्टीचा घरात राबता जास्त, तिला नावे जास्त. जोंधळ्याच्या जातींना आपल्याकडे जशी नावे आहेत, तशी या लांबणीलाही आहेत.

मोठ्या कामांचेही असेच होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात. निजामाने विलीनीकरण टाळले आणि नोव्हेंबर 1947 मध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. आपल्या वाट्याचे स्वातंत्र्य 17 सप्टेंबर 1948 रोजी आले. तेरा महिने! ते आपोआप लांबले नव्हते. ते लांबविले गेले होते, आणि त्या तेरा महिन्यांची किंमत या भागातल्या खेड्यांनी रझाकारांच्या हातून मोजली.

बायकांच्या हक्कांची कथा तर याहून लांब. हिंदू कोड बिल 1947 साली मांडले गेले. चर्चा झाली, समिती झाली, पुन्हा चर्चा झाली, आणि सप्टेंबर 1951 मध्ये ते बाजूला ठेवण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. त्यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि त्याच्या कारणांत हे कारण ठळकपणे सांगितले. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी 1955 आणि 1956 साली मंजूर झाले. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळायला मात्र आपल्या राज्यात 1994 साल उजाडले आणि साऱ्या देशात 2005. विधानसभेत आणि लोकसभेत बायकांना एकतृतीयांश जागा देण्याचे विधेयक प्रथम 1996 साली आले, ते संमत झाले 2023 साली; आणि त्या कायद्यातही असे लिहिले गेले, की जनगणना होऊन मतदारसंघ नव्याने आखले गेल्यावरच त्याचा अंमल व्हावा. प्रत्येक वेळी सांगणारा सांगतो, ‘काम लांबणीवर पडले.’ आपण विचारायला शिकले पाहिजे, ‘टाकले कुणी?’

इथवर ऐकून आपल्याला वाटेल, की बाई आता ‘आजचे काम उद्यावर ढकलू नका’ असा उपदेश करणार. तो तर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतोच. मला याच्या उलटेही सांगायचे आहे. काही गोष्टी अशा असतात, की त्या लांबणीवर टाकण्यातच शहाणपण आहे, आणि त्याला मोठे धैर्य लागते.

मुंबईच्या रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पण त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या राहिल्या, शिकल्या, आणि सासरी जाणे लांबत गेले. नवऱ्याने 1884 साली कोर्टात दावा लावला. 1887 साली कोर्टाने सांगितले, की नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. अखेर 1888 साली तडजोड होऊन दोन हजार रुपये देऊन त्या सुटल्या, विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. सासरी जाणे लांबले नसते, तर त्या डॉक्टरीणबाई झाल्याच नसत्या.

पण मुंबईला कशाला जायचे? माझ्या आईचीच गोष्ट सांगते. ती अंगठा उठविणारी बाई होती. मी चौदा वर्षांची झाले आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. आजीचा हट्ट, काकांची घाई. आई कुणाच्या तोंडाला तोंड देत नसे. पहिल्या वर्षी म्हणाली, “कापसाचे पैसे हाती आले नाहीत, पुढच्या साली बघू की.” दुसऱ्या वर्षी म्हणाली, “पत्रिका जमत नाही म्हणायलेत.” कोण म्हणायलेत, ते मात्र तिने कधी सांगितले नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1979 साली, सिंहस्थ लागला. आईला केवढा आनंद! “सिंहस्थात कुठे लग्न करायलेत लोक? काही बाही व्हायचं!” आजी स्वतः देवभोळी, ती गप्प बसली. तेवढ्यात मी मॅट्रिक झाले, परभणीला डी.एड.ला नाव घातले, आणि 1982 साली नोकरीला लागले. पुढे लग्नही झाले, यथास्थित झाले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारले, “तुझा सिंहस्थावर एवढा विश्वास होता का गं?” ती म्हणाली, “मला काय माहीत सिंहस्थ म्हणजे काय असतं ते.” वेड पांघरावे तर असे! त्या वेडापायी मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुठल्या सभेत सांगितलेले नाही.

2009 साली मी नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत होते. हाच पुट ऑफ शिकविला आणि घरून पाच वाक्ये लिहून आणायला सांगितली. वह्या तपासताना एका मुलीची वही हाती आली. पहिली चार वाक्ये मार्गदर्शकातून उतरविलेली होती, सगळ्यांची तीच असतात. पाचवे तिचे स्वतःचे होते. ‘माय फादर वुइल नॉट पुट ऑफ माय मॅरेज.’ माझे वडील माझे लग्न लांबणीवर टाकणार नाहीत. वाक्य अचूक होते. काळ बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर. मी लाल शाईने बरोबरची खूण केली आणि पान उलटले.

दोन वह्या पुढे गेल्यावर माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात बोलावले. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली, आणि एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही घरी येता का?” मी म्हटले, “रविवारी येते.” त्या रविवारी माझ्या घरी पाहुणे आले. पुढच्या रविवारी वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे होते. त्यानंतर वाटले, परीक्षा होऊ दे, मग निवांत बोलता येईल. मध्येच बोलून तिचे लक्ष कशाला उडवा? बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 साली झालेला होता, 2007 पासून लागूही झाला होता, आणि मला तो ठाऊक होता. पण गावात वाकडेपणा कोण घेणार, असेही मनात आले होते. ते आज लपवीत नाही. परीक्षा झाली. अक्षय्य तृतीया आली. शाळा उघडली तेव्हा दहावीच्या वर्गात ती नव्हती.

पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत आले, की ‘तिच्या घरी जायचे राहून गेले.’ राहून गेले नाही, भगिनींनो. मी ते लांबणीवर टाकले.

काही वर्षांनी परभणीच्या बसस्टँडवर ती भेटली. कडेवर एक लहानगी होती. मला पाहून तिला आनंदच झाला. शाळेतल्या बाकीच्यांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. त्या वहीविषयी ती बोलली नाही, मीही बोलले नाही. एस.टी. लागली तेव्हा लेकीला म्हणाली, “बाईंच्या पाया पड.” मी मागे सरले. ती मुलगी आज आठवी-नववीत असेल.

हे मी एकीपुरते सांगत नाही. 2019 ते 2021 या काळात सरकारने जे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात आपल्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरांत 48 जणींची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली आढळली. साऱ्या राज्यात हे प्रमाण शंभरांत 22 होते. म्हणजे आपल्याकडे दुपटीहून अधिक. मुलीच्या लग्नाचे वय 1929 च्या कायद्याने चौदा ठरविले, 1949 साली पंधरा केले, 1978 साली अठरा केले. कायदा वर्षे वाढवीत गेला. आपण मात्र मुहूर्त अलीकडे ओढतो. घोंगडी भिजत ठेवणारे आपण, या एकाच कामात आपल्याला कुठून घाई सुचते कोण जाणे!

आईबापांना दोष देणे सोपे आहे. त्यांची अडचण मला कळते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. मग पोराचेही लग्न लवकर. दहावीनंतर शाळा लांब, येण्याजाण्याची भीती. पोरगी जास्त शिकली तर हुंडा जास्त. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच नुसता कायदा दाखवून भागत नाही, कुणी तरी त्या घरी जाऊन बसावे लागते. “ही यंदा आमच्याकडे राहील,” असे म्हणणारी एखादी मावशी, एखादी आत्या लागते.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगते. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. 1098 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. मॅजिस्ट्रेट असे लग्न मनाई हुकमाने थांबवू शकतात, आणि हुकूम मोडून लावलेले लग्न लग्नच ठरत नाही. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ज्या मुलीचे लग्न लहानपणी लावून दिले, तिला ते कोर्टाकडून रद्द करून घेण्याचा हक्क आहे. पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी. मघाशी पुट ऑफ आणि कॉल ऑफ यांतला फरक सांगितला, तो इथे उपयोगी पडतो. पुढे ढकलायची वेळ हुकली तरी रद्द करायची वेळ उरलेली असते. तीही मुदतीचीच, लांबणीवर टाकली तर जाते.

आपल्या मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. हळदीकुंकू, भजन, भिशी हे सगळे चालू दे. त्यात मन रमते आणि माणसे जोडली जातात. पण मंडळाच्या वहीत एक पान असे असू द्या, की ज्यावर गावातल्या आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलीचे नाव लिहिलेले असेल. एखादी मुलगी आठ दिवस शाळेत दिसली नाही, तर नवव्या दिवशी आपल्यापैकी दोघींनी तिच्या घरी जायचे. दोघींनी अशासाठी, की एकीच्या घरी पाहुणे आले तरी दुसरीने जावे. चहा घ्यायचा, इकडचे तिकडचे बोलायचे, आणि मग विचारायचे. पहिल्या वर्षी यश येणार नाही कदाचित. माझ्या आईलाही तीन वर्षे लागली.

आरंभी मी म्हटले, की वेड पांघरणे आम्हां पेडगावकरांना ठाऊक नाही. पण मांडव पडलेला दिसतो, वाजंत्री ऐकू येते, अक्षता हातात असतात, पोरगी केवढी आहे हे डोळ्यांना दिसत असते, आणि आपण म्हणतो, “आम्हांला काय ठाऊक बाई, त्यांच्या घरचा मामला.” हे वेड पांघरणे नव्हे तर काय? आणि आपल्याला तर पेडगावला जाण्याचेही कष्ट नाहीत. आपण इथेच आहोत!

वेड पांघरायचेच असेल तर माझ्या आईने पांघरले तसे पांघरा. मुलीचे लग्न लांबणीवर टाका, आणि तिच्या घरी जाणे टाकू नका.

त्या वहीचे पहिले पान मी आजच आखून आणले आहे. सभा संपल्यावर ते अध्यक्षबाईंच्या हाती देते. नावे सांगायला दोघी-तिघींनी थांबावे, ही विनंती. उद्या नको, उद्या आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी पाहुणे येतील.